ग्लासगोतला उपरा माणूस

सोमवार, 21 डिसेंबर 1908. संध्याकाळचे सात वाजत आले होते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे रस्त्यावरचे गॅसचे दिवे केव्हाच लागले होते. वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका घरातून हेलन लँबी ही एकवीस वर्षांची मोलकरीण मालकिणीसाठी संध्याकाळचं वर्तमानपत्र आणायला बाहेर पडली. जाऊन यायला दहा मिनिटं पुरत.

तिच्या मालकिणीचं नाव मॅरियन गिलख्रिस्ट. वय ऐंशीच्या पुढे, अविवाहित, सुखवस्तू, हिऱ्यांच्या दागिन्यांची हौस असलेल्या. दागिने बँकेत ठेवण्याऐवजी त्या घरातच कपड्यांच्या घड्यांमध्ये, खिशांमध्ये लपवून ठेवत. चोरांची धास्ती एवढी, की पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या दाराला दोन कुलपं होती. खालच्या मजल्यावरच्या अ‍ॅडम्स कुटुंबाशी त्यांचा संकेत ठरलेला होता: मदत हवी असेल तेव्हा मी जमिनीवर ठोकीन.

त्या संध्याकाळी अ‍ॅडम्स भावंडांना वरून काहीतरी पडल्याचा धप्प आवाज आणि पाठोपाठ तीन ठोके ऐकू आले. आर्थर अ‍ॅडम्स घाईघाईत चश्मा न घालताच वर गेला. त्याची नजर अधू होती. त्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही. आतून लाकडं फोडल्यासारखा आवाज येत होता. मोलकरीण चुलीसाठी लाकडं फोडत असेल असं समजून तो खाली आला. बहिणींचं समाधान झालं नाही आणि त्यांनी त्याला परत पाठवलं. तो दारात उभा असतानाच हेलन वर्तमानपत्र घेऊन आली आणि तिने किल्लीने दार उघडलं. त्याच क्षणी आतल्या शयनगृहातून एक नीटनेटक्या कपड्यांतला माणूस शांतपणे चालत आला, दोघांच्या जवळून बाहेर पडला आणि जिन्यावर पाय ठेवताच धूम पळाला.

या प्रसंगातली सर्वांत विलक्षण गोष्ट पुढची आहे. परका माणूस घरातून निघून गेल्यावर हेलन ओरडली नाही. ती आधी स्वयंपाकघरात डोकावली, मग शयनगृहात. मालकीण कुठे आहेत असं अ‍ॅडम्सने विचारल्यावर ती जेवणाच्या खोलीत गेली. शेकोटीपाशी म्हातारी पडली होती, अंगावर गालिचा टाकलेला, डोक्यावर इतके घाव की चेहरा ओळखता येत नव्हता.

शयनगृहात गॅसचा दिवा पेटलेला होता. तिथली कागदपत्रांची लाकडी पेटी फोडून कागद जमिनीवर विखुरले होते. टेबलावर अंगठ्या उघड्यावर पडलेल्या, त्यांना हातही लागला नव्हता. घरातल्या हजारो पौंडांच्या दागिन्यांपैकी हेलनच्या म्हणण्यानुसार एकच वस्तू नाहीशी झाली होती: चंद्रकोरीच्या आकाराची हिऱ्यांची पिन. साड्यांना लावतात तशी, पण मौल्यवान.

ही एक पिन पुढे एका माणसाच्या आयुष्यातली अठरा वर्षं खाऊन बसली.

त्या काळचं ग्लासगो ब्रिटिश साम्राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर म्हणून मिरवत होतं. क्लाइड नदीच्या काठी जहाजं बांधली जात, आगगाडीची इंजिनं तयार होऊन जगभर जात. कामाच्या शोधात आयरिश आले, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक आले, रशिया आणि पोलंडमधल्या छळाला कंटाळलेले ज्यू आले. शहर वाढलं की त्यात राहणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे अनोळखी होतात, आणि अनोळखी चेहऱ्याची भीती सुखवस्तू वस्तीत आधी शिरते. ब्रिटनने 1905 मध्ये परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला. तो प्रामुख्याने पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंना अडवण्यासाठीच होता. गिलख्रिस्टबाईंच्या खुनाची बातमी शहरात पसरली ती या हवेत.

खुनानंतर चौथ्या दिवशी, नाताळच्या संध्याकाळी, सायकलींचा एक व्यापारी पोलिसांकडे आला. आपल्या क्लबात ऑस्कर नावाचा एक जर्मन ज्यू येतो आणि हिऱ्यांच्या पिनेची गहाणपावती विकायला बघतो, असं त्याने सांगितलं. पोलीस ऑस्कर स्लेटरच्या घरी पोचले. घटनास्थळापासून पायी काही मिनिटांचं अंतर. स्लेटर त्याच रात्री मैत्रिणीसह लिव्हरपूलला गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी दोघं लुसिटानिया बोटीने न्यूयॉर्कला निघाली होती. बोटीवर त्याने खोटं नाव नोंदवलं होतं.

वाचणाऱ्याला इथेच वाटतं, सापडला! ग्लासगोच्या पोलिसांनाही तसंच वाटलं. पण त्याच सुमारास त्यांच्या हाती आणखी एक माहिती आली. गहाणाच्या दुकानातली ती पिन स्लेटरच्याच ताब्यातली होती, घडणीने वेगळी होती, आणि तिने ते दुकान 18 नोव्हेंबरला, म्हणजे खुनाच्या महिनाभर आधी, पाहिलं होतं. ज्या धाग्याला धरून पोलीस स्लेटरपर्यंत पोचले तो धागा तिथेच तुटला. तरी स्लेटरचा पाठलाग सुटला नाही. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचं मर्म या क्षणात आहे. पुढे जे जे घडलं त्यात पुराव्यावरून माणूस शोधला गेला नाही, माणूस ठरवून त्याच्यासाठी पुरावा गोळा झाला.

स्लेटर हा सभ्य समाजाला पसंत पडेल असा इसम नव्हता, हेही सांगायला हवं. मूळ नाव ऑस्कर लेशझिनर, जन्म 1872 चा, जर्मन साम्राज्यातल्या सायलीशिया प्रांतातला. सक्तीची लष्करी भरती टाळायला तरुणपणी देश सोडलेला. जडजवाहिरांची दलाली करतो असं सांगे, पण पत्त्यांच्या अड्ड्यांवर दिवस काढी. नावं बदलून राही. पत्नीपासून दूर, दुसऱ्याच स्त्रीबरोबर. इंग्रजी बोले ते मोडकंतोडकं. ग्लासगोत तो पूर्वी काही काळ राहून गेला होता, पण या वेळी येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. शहरात त्याच्या बाजूने उभा राहील असा पत असलेला एकही माणूस नव्हता.

आता साक्षीदारांकडे पाहू, कारण खटला त्यांच्यावरच उभा होता. हेलन आणि अ‍ॅडम्सशिवाय तिसरी साक्षीदार मेरी बॅरोमन ही चौदा वर्षांची, दुकानाचे निरोप पोचवणारी मुलगी. त्या इमारतीतून पळत सुटलेला माणूस आपल्याला रस्त्यात धडकला, असं तिचं म्हणणं. हेलनने सांगितलेलं वर्णन आणि मेरीने सांगितलेलं वर्णन कपड्यांपासून टोपीपर्यंत इतकं वेगळं होतं, की पोलिसांनी सुरुवातीला दोन निराळ्या माणसांचा शोध जाहीर केला. दोन्ही वर्णनांत एक गोष्ट मात्र समान होती: माणूस तिशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, दाढीमिशा नसलेला. स्लेटर छत्तिशी ओलांडत होता, अंगाने दणकट होता आणि त्या दिवसांत त्याला मिशी होती.

हेलन आणि मेरी यांना तिकडे पकडलेल्या स्लेटरची ओळख पटवण्यासाठी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला नेण्यात आलं. बोटीवर दोघी एकाच खोलीत होत्या. इतक्या दिवसांच्या प्रवासात आपण या विषयावर एकमेकींशी अवाक्षरही बोललो नाही, असं दोघींनी नंतर सांगितलं. मेरीला स्लेटरचा फोटो आधीच दाखवला गेला होता. कचेरीच्या बोळातून अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात स्लेटरला नेताना दोघींनी पाहिलं. हेलन म्हणाली, चेहरा मला दिसला नव्हता, पण चालण्यावरून ओळखते. काही महिन्यांनी न्यायालयात तिला चेहराही पाहिल्याचं आठवू लागलं. अ‍ॅडम्सने शेवटपर्यंत ठामपणे ओळख पटवली नाही. साम्य आहे, एवढंच तो सांगत राहिला. चश्मा घालायला विसरलेला तोच एक माणूस सर्वांत जपून बोलला, याचं मला फार मोल वाटतं.

अमेरिकेत स्लेटरच्या वकिलांनी प्रत्यार्पणाला विरोध करता येईल असं सांगितलं होतं. पुरावा इतका लंगडा होता, की ते साधलंही असतं. स्लेटर मात्र आपण होऊन परतला. ब्रिटिश न्यायावर त्याचा भरवसा होता. ग्लासगोत त्याची ओळख परेड झाली. सावळा, परदेशी चेहऱ्याचा स्लेटर, आणि त्याच्या शेजारी उभे केलेले सारे साध्या वेषातले स्कॉटिश पोलीस आणि रेल्वेचे कर्मचारी! अशा रांगेतून "परका" माणूस ओळखायला साक्षीदाराची गरजच काय? आपल्याकडच्या न्यायालयांतही ओळख परेडीवर वाद होतो तेव्हा वकील हेच दोन प्रश्न विचारतात: फोटो आधी दाखवला होता का, आणि रांगेत आरोपीसारखी दिसणारी माणसं होती का? स्लेटरच्या प्रकरणात दोन्ही उत्तरं पोलिसांच्या विरुद्ध जात होती.

खटला एडिंबरोत 3 ते 6 मे 1909 असा चार दिवस चालला. स्लेटरच्या सामानातली एक छोटी हातोडी खुनाचं हत्यार म्हणून मांडली गेली. घरगुती वापराची, कार्डावर लावून विकतात तशा अवजारांच्या संचातली. तिच्यावर रक्त सिद्ध झालं नाही. खुनाच्या रात्री सर्वांत आधी येऊन प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांनी खोलीतल्या रक्ताळलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं होतं. जड खुर्चीचा पाय हेच हत्यार असावं असं त्यांचं मत. या डॉक्टरांना साक्षीला बोलावलंच नाही.

सरकारतर्फे स्वतः लॉर्ड अ‍ॅडव्होकेट, म्हणजे स्कॉटलंडचे सर्वोच्च सरकारी वकील, अलेक्झांडर युअर उभे होते. टिपणं न घेता त्यांनी घणाघाती भाषण केलं. वर्तमानपत्रात आपलं नाव आलेलं पाहून स्लेटर पळाला, असं त्यांनी ज्यूरीला सांगितलं. प्रत्यक्षात स्लेटरने ग्लासगो सोडलं तेव्हा त्याचं नाव कुठेही छापलेलं नव्हतं. अमेरिकेला जाण्याचा बेत तो परिचितांना आधीपासून सांगत होता, आणि लिव्हरपूलच्या हॉटेलात त्याने आपलं खरं नाव आणि ग्लासगो हा पत्ता नोंदवला होता. पळून जाणारा खुनी असा माग ठेवून जात नाही. न्यायाधीश लॉर्ड गथ्री यांनी समारोपात ज्यूरीला जे सांगितलं त्याचा आशय असा: ज्याचं जगणं असं नीतिबाह्य आहे, त्याला सामान्य नागरिकाइतका निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा फायदा मिळत नाही.

त्या काळी स्कॉटलंडची ज्यूरी पंधरा जणांची असे, आणि निकाल साध्या बहुमताने लागे. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की मुंबईचा नानावटी खटला आठवतो. तिथे नऊ जणांपैकी आठांनी एका बाजूने कौल दिला होता. स्लेटरला नऊ जणांनी दोषी ठरवलं, पाच जणांनी "सिद्ध झालं नाही" हा खास स्कॉटिश कौल दिला, आणि एकाने निर्दोष म्हटलं. पंधरापैकी सहा जणांना खात्री नव्हती. तरी फाशी ठरली, तारीख 27 मे. वीस हजार लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या आणि फाशीला दोन दिवस उरले असताना शिक्षा जन्मठेपेवर आली. स्लेटरला उत्तरेकडच्या पीटरहेडच्या तुरुंगात, समुद्राच्या वाऱ्यात ग्रॅनाइटचे दगड फोडायला पाठवलं गेलं.

वरच्या न्यायालयात अपील का केलं नाही? कारण स्कॉटलंडमध्ये अशी सोयच नव्हती. आणि इथून आपल्या गोष्टीतला हौशी शोधक प्रवेश करतो.

शेरलॉक होम्स मराठी वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भालबा केळकरांनी त्याच्या कथा मराठीत आणल्या. त्याचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांनी स्वतः खऱ्या गुन्ह्यांचा माग काढला, ही बाजू मात्र इथे तितकीशी परिचित नाही. डॉयल पेशाने डॉक्टर. एडिंबरोत शिकले, नेत्रवैद्यक म्हणून काही काळ दवाखानाही चालवला. त्यांचे गुरू डॉ. जोसेफ बेल समोरच्या रुग्णाकडे बघून त्याचा धंदा आणि प्रवास सांगत. होम्सचा मूळ साचा तोच. पण डॉयल यांच्या खऱ्या शोधकार्याची सुरुवात झाली ती मुंबईशी नातं असलेल्या एका कुटुंबापासून.

शापूरजी एदलजी हे मुंबईत जन्मलेले पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडमध्ये ग्रेट वायर्ली या खेड्याचे धर्मगुरू झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील होता. रात्रीच्या वेळी गुरांना भोसकण्याचे प्रकार गावात घडले, निनावी पत्रं आली, आणि 1903 मध्ये जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सुटल्यावर तो डॉयलना भेटायला एका हॉटेलात गेला. डॉयल आले तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, किंचित तिरकं धरून वाचत होता. नेत्रवैद्याला तेवढ्यावरून कळलं, की हा माणूस काळोखात शेतं तुडवत, रेल्वेचे रूळ ओलांडत जाऊन जनावर गाठू शकणार नाही. डॉयल यांचे लेख 1907 च्या जानेवारीत आले, मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली, आणि अशा प्रकरणांच्या रेट्यामुळे इंग्लंडला त्याच वर्षी फौजदारी अपील न्यायालय मिळालं. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. दोन वर्षांनी स्लेटर उभा राहिला तो नेमका या फटीत.

स्लेटरबद्दल डॉयलना आपुलकी नव्हती. त्याची राहणी त्यांना मनापासून नापसंत होती, आणि हे त्यांनी लपवलं नाही. एदलजी सुशिक्षित, निर्व्यसनी, आईवडिलांच्या छत्राखाली राहणारा. त्याच्यासाठी लढणं सोपं होतं. स्लेटर जुगारी. अशा माणसासाठी लेखणी उचलणं ही खरी कसोटी, आणि डॉयल तिला उतरले.

त्यांच्या हाती काय होतं? एडिंबरोचे वकील आणि गुन्हेइतिहासाचे अभ्यासक विल्यम रफहेड खटल्याला स्वतः हजर होते. त्यांनी 1910 मध्ये खटल्याची समग्र नोंद प्रसिद्ध केली. डॉयल यांचा शोध मुख्यतः त्या छापील पानांवर चालला. त्यांनी प्रत्येक साक्ष दुसरीशी ताडून पाहिली. जे जुळत नव्हतं ते टिपलं, आणि 1912 मध्ये सहा पेन्सांची एक पुस्तिका काढली.

तिच्यातले प्रश्न आजही वाचताना थरारून टाकतात. पहिला: खुनी आत शिरला कसा? दोन कुलपांचं दार फोडलेलं नव्हतं, खिडकीतून शिरल्याची खूण नव्हती. म्हणजे बाईंनी स्वतः दार उघडलं, किंवा त्याच्याकडे किल्ली होती. चोरांना एवढं भिणारी बाई रात्री अनोळखी परदेशी माणसाला आत घेईल का? दुसरा: तो काय शोधत होता? दिसणाऱ्या अंगठ्या सोडून त्याने कागदांची पेटी फोडली. मग चोरी दागिन्यांची होती, की मृत्युपत्रासारख्या एखाद्या कागदाची? पिन नेली असेल तर ती मागे चोरीचा देखावा उरावा म्हणून का नसेल? तिसरा: घराची माहिती त्याला कशी? मोलकरीण कधी बाहेर जाते, किती वेळ जाते, कागद कुठल्या खोलीत असतात, हे ज्याला ठाऊक तो बाहेरचा नाही. ग्लासगोत दोन महिन्यांपूर्वी आलेल्या, बाईंना कधी भेटल्याचा एकही पुरावा नसलेल्या स्लेटरला हे सगळं कळणार कुठून?

हे प्रश्न विचारायला होम्सची दिव्यदृष्टी लागत नाही. पोलिसांनी ते विचारले नाहीत, कारण त्यांना उत्तर आधीच मिळालं होतं. हौशी शोधकाचं बळ नेमकं इथे आहे. त्याच्यावर प्रकरण मिटवण्याचं ओझं नसतं, वरिष्ठांना तोंड द्यायचं नसतं, आणि शहराची भीतीही शमवायची नसते. कागद खोटा बोलत असेल तर तो पुन्हा पहिल्या पानावर जाऊ शकतो.

पुस्तिकेने खळबळ माजली, पण सरकार हललं नाही. दोन वर्षांनी आवाज उठला तो पोलीस दलातूनच. जॉन ट्रेंच हे ग्लासगोचे नावाजलेले गुप्तहेर अधिकारी, पोलीस पदक मिळवलेले. त्यांनी सांगितलं, की हेलनने खुनाच्याच रात्री गिलख्रिस्टबाईंच्या भाचीकडे धाव घेऊन घरातून निघालेला माणूस आपल्या ओळखीचा असल्याचं सांगितलं होतं, त्याचं नावही घेतलं होतं. हे खरं असेल, तर ती त्या संध्याकाळी ओरडली का नाही याचा उलगडा होतो. त्या रात्री सव्वाआठच्या सुमाराला स्लेटरला त्याच्या इमारतीच्या दाराशी शांतपणे उभं असलेलं एका किराणा दुकानदाराने पाहिलं होतं, हेही पुढे आलं. पोलिसांना ते माहीत होतं, पण तो साक्षीदार ज्यूरीसमोर आलाच नव्हता.

1914 मध्ये चौकशी झाली. बंद दाराआड, साक्षीदारांना शपथ न घालता, स्लेटरला हजर न ठेवता. हेलनने आणि भाचीने सगळं नाकारलं. निष्कर्ष: हस्तक्षेपाचं कारण नाही. ट्रेंचना गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल बडतर्फ केलं. पुढे त्यांच्यावर आणि त्यांना साथ देणाऱ्या वकिलावर चोरीचा माल घेतल्याचा आरोप ठेवला गेला. त्यातून दोघेही निर्दोष सुटले. ट्रेंच सैन्यात गेले, महायुद्ध पाहिलं आणि 1919 मध्ये वारले. सत्य बोलण्याची किंमत या कथेत सर्वांत जास्त त्यांनी मोजली, आणि आपण खरे ठरल्याचं पाहायला ते उरले नाहीत.

महायुद्धाची वर्षं निघून गेली. स्लेटर दगड फोडत राहिला. 1925 मध्ये पीटरहेडमधून सुटलेला विल्यम गॉर्डन नावाचा कैदी एका बारीक कागदावरचा निरोप तोंडात लपवून बाहेर घेऊन आला. निरोप डॉयलसाठी होता: मला विसरू नका. डॉयल पासष्टीच्या पुढे गेले होते, परलोकविद्येच्या प्रचारात बुडाले होते. त्यांनी पुन्हा पत्रं लिहायला सुरुवात केली. ग्लासगोचे पत्रकार विल्यम पार्क यांनी वर्षानुवर्षं केलेली मेहनत 1927 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि डॉयल यांनी ती छापून आणायला मदत केली. त्यात सारं होतं: परेड, फोटो, डॉक्टर, दुकानदार, भाची.

वृत्तपत्रांनी आता मागे लागून साक्षीदार शोधले. हेलन अमेरिकेत राहायला गेली होती. खुनाच्या रात्रीचा माणूस आपल्या ओळखीचा होता आणि आपल्याला ते नाव सोडायला लावलं, अशा आशयाचं निवेदन तिच्या नावाने छापून आलं. मेरी आता मोठी बाई होती. माणूस स्लेटरसारखा दिसतो एवढंच मला म्हणायचं होतं, तो हाच असं माझ्याकडून वदवून घेतलं, असं तिने सांगितलं. काही आठवड्यांतच, नोव्हेंबर 1927 मध्ये, स्लेटर सुटला. आत गेला तेव्हा सदतिशीत होता, बाहेर आला तो पंचावन्नाचा.

सुटका म्हणजे निर्दोष नव्हे. स्कॉटलंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय अखेर 1926 मध्ये स्थापन झालं होतं, पण जुनी प्रकरणं त्याच्या कक्षेबाहेर होती. स्लेटरचं अपील ऐकता यावं म्हणून संसदेने वेगळा कायदा केला. एका माणसासाठी एक कायदा! जुलै 1928 मध्ये एडिंबरोत सुनावणी होऊन निकाल लागला. सुनावणीला डॉयल न्यायालयात उपस्थित होते. पाच न्यायाधीशांनी पोलिसांच्या वागणुकीबद्दलचे आणि नव्या पुराव्याबद्दलचे मुद्दे मान्य केले नाहीत. शिक्षा रद्द झाली ती एकाच कारणाने: लॉर्ड गथ्री यांनी ज्यूरीला चुकीचं मार्गदर्शन केलं होतं. ज्याच्या चारित्र्यावर डाग आहे त्यालाही निर्दोषत्वाचं गृहीतक पूर्णच लागू होतं. निकालपत्राने एवढंच म्हटलं. मला हा निकाल अपुरा वाटतो. न्यायाधीशाच्या एका वाक्यावर बोट ठेवून परेड, फोटो आणि दडवलेले साक्षीदार यांना न्यायालयाने बगल दिली. डॉयल यांची खंतही तीच होती.

स्लेटरला सहा हजार पौंड भरपाई मिळाली आणि तिच्यापायी एक कटू प्रकरण घडलं. अपिलाच्या खर्चाला डॉयल आणि इतरांनी खिशातून पैसे घातले होते. ते फेडले जावेत अशी डॉयल यांची अपेक्षा. स्लेटरचं म्हणणं, चूक सरकारची, खर्चही सरकारने द्यावा, मी का द्यावा? दोघांत वर्तमानपत्रांतून जाहीर भांडण झालं. डॉयल त्याला कृतघ्न म्हणाले. मला मात्र स्लेटरची बाजूही समजते. अठरा वर्षं दगड फोडलेल्या माणसाला, आपल्याच सुटकेचं बिल आपण भरायचं, हे गळी उतरणं कठीण असतं. डॉयल जुलै 1930 मध्ये वारले.

खुनी कोण, याबद्दल पुढे अनेक पुस्तकं लिहिली गेली. गिलख्रिस्टबाईंच्या नात्यातल्या काही जणांची नावं त्यांत घेतली आहेत. ती इथे देत नाही. कोणाही विरुद्ध न्यायालयात उभा राहील असा पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि नुसत्या शक्यतेवर माणूस दोषी ठरवणं हेच तर ग्लासगोत स्लेटरच्या बाबतीत घडलं होतं. डॉयल यांनी खुनी पकडला नाही. पकडलेला माणूस खुनी ठरवण्याइतका पुरावा नव्हता, एवढंच त्यांनी सिद्ध केलं.

स्लेटर स्कॉटलंड सोडून गेला नाही. समुद्रकाठच्या एअर या गावी त्याने घर घेतलं, 1936 मध्ये लग्न केलं, आणि 1948 मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. मॅरियन गिलख्रिस्ट यांच्या खुनासाठी दुसऱ्या कोणावरही कधी खटला भरला गेला नाही.